साडेसहाशे फेऱ्यांचं इंजिन आणि पट्ट्यावरचा हडंबा: जुना जोड घ्यावा का?

जुना जोड विकायला निघाला की फोटोत इंजिन पोपटी हिरवं असतं, हडंबा लालभडक, आणि दोघांच्या गळ्यात झेंडूचा हार. खाली लिहिलेलं असतं, ‘चालू कंडिशन, अँटिक पीस, किंमत फोनवर’. रंग ताजा असेल तेवढी शंका जास्त घ्यावी. वरून कीर्तन आतून तमाशा, ही म्हण या बाजारासाठीच केली असावी असं वाटतं.

‘जोड’ म्हणजे एका सिलिंडरचं, उभं, दोन मोठ्या चाकांचं स्लो स्पीड डिझेल इंजिन आणि त्याच्या चपट्या पट्ट्यावर चालणारं मळणी यंत्र. मराठवाड्यात अशा यंत्राला सरसकट हडंबा म्हणतात. ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारी मळणी यंत्रं आणि पाठोपाठ हार्वेस्टर आल्यावर हे जोड गोठ्यामागे जाऊन पडले. आता फार्महाऊस, कृषी पर्यटन केंद्रं आणि हौशी मंडळी ते शोधत फिरतात. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: इंजिनाला ५ पैकी ४, हडंब्याला ५ पैकी २. दोन्हींची मिळून एकच किंमत सांगणाऱ्याकडून घेऊ नका, वेगवेगळी किंमत मागा.

यातली बहुतेक इंजिनं मूळच्या लिस्टर सीएस घराण्यातली आहेत. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीचं हे डिझाइन. ६ हॉर्सपॉवर, ६५० आरपीएम, बोअर साडेचार इंच, स्ट्रोक साडेपाच इंच, म्हणजे ११४.३ आणि १३९.७ मिलिमीटर, सुमारे १४३० सीसी. एवढ्या मोठ्या पोटातून फक्त सहा घोडे काढल्यामुळे ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. याच्या प्रती राजकोटला असंख्य नावांनी निघाल्या आणि परदेशातल्या हौशी लोकांपर्यंतही पोचल्या. आपल्याकडे साताऱ्याच्या कूपरचं (१९२२) आणि पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं (१९४६) नाव शेतकऱ्यांच्या तोंडी जास्त. पण एक घोटाळा नेहमी होतो. किर्लोस्करचं एव्ही-१ हे ५ हॉर्सपॉवरचं, १५०० आरपीएमचं, ८० बाय ११० मिलिमीटरचं इंजिन आहे. उत्तम आहे, पण स्लो स्पीड नाही. ‘स्लो स्पीड’ म्हणून ते कोणी गळ्यात मारत असेल तर प्लेटवरचा आरपीएम वाचा. या एका आकड्याचा हडंब्याशी जिवाचा संबंध आहे, तो पुढे येतोच.

इंजिन तपासायला हत्यारं फार लागत नाहीत. आधी थंड इंजिन बघा. विकणाऱ्याने आधीच चालवून गरम करून ठेवलं असेल तर चहा घ्या, गप्पा मारा, निवू द्या. डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडायचा) लिव्हर खाली ठेवून चाक हाताने हळू फिरवा. कॉम्प्रेशनवर आल्यावर चाक स्प्रिंगसारखं उलटं ढकललं गेलं पाहिजे. फुस्स करून पुढे निघून गेलं तर हवा कुठून जाते ते ऐका. सायलेन्सरमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरमधून आला तर इनलेट, आणि ब्रीदरमधून (तळाच्या पेटीच्या हवेच्या भोकातून) आला तर पिस्टन-रिंग. व्हॉल्व्ह घासून घेणं अर्ध्या दिवसाचं काम. रिंग-लायनरचा खर्च मात्र आत्ताच किमतीतून वजा करा.

मग चाकं. हा भाग घाईत सुटतो आणि सगळ्यात महाग पडतो. चाक बिडाचं (कास्ट आयर्नचं), म्हणजे ताणाला कच्चं. चाक शाफ्टला पक्कं धरणाऱ्या चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून तडा सुरू होतो, आणि त्याचं कारण बहुधा एकच असतं: ढिली झालेली चावी कोणीतरी घणाने ठोकून बसवलेली असते. चाक उचलून मोकळं धरता आलं तर छोट्या हातोडीने टिचकी मारा. सलग नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर नाही. शाफ्टवर असताना हा नाद फसवतो, म्हणून खडूची परीक्षा करा. हबभोवतीचा (चाकाच्या मधल्या भागाभोवतीचा) रंग खरवडा, पातळ डिझेल लावा, पंधरा मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची भुकटी चोळा. तडा असेल तर थोड्या वेळात खडूवर काळी ओली रेघ उमटते. हबला तडा गेलेलं चाक वेल्डिंग करून चालवू नये. ते भंगारात जातं, इंजिनाबरोबर नाही. विकणारा ‘पितळ भरून दिलंय, काही होत नाही’ म्हणेल. होतं.

पाण्याच्या जॅकेटचा (सिलिंडरभोवती पाणी फिरतं त्या पोकळीचा) तडा त्या मानाने परवडतो. तिथे दाब नसतो, त्यामुळे पितळेचं ब्रेझिंग किंवा टाक्यांनी शिवून घेतलेलं बीड वर्षानुवर्षं चालतं. तडा पडतो तो दोन कारणांनी. एक, पाणी संपलेलं असताना तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतणं. दुसरं, बोअरच्या जड पाण्याचा क्षार साचून जॅकेट बुजणं. सिलिंडरचं डोकं (हेड) काढल्यावर आत बोट घालून बघा. पांढरा, दगडासारखा थर लागला तर वाहतं पाणी कुठेच नीट फिरत नव्हतं असं समजा. आणखी एक गोष्ट जुन्या लोकांनी उलटी केलेली सापडते. विहिरीचं पाणी थेट इंजिनातून सोडलेलं असतं. इंजिन गार राहिलं म्हणून मालक खूश, पण थंड सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते आणि लायनर झिजतो. बाहेर पडणारं पाणी हाताला चांगलं कढत लागलं पाहिजे, ६० ते ८० अंश. टाकी लावून थर्मोसायफनवर (गरम पाणी आपोआप वर चढून फिरतं त्या पद्धतीवर) चालवणं सगळ्यात बरं.

तळाचं झाकण उघडू देत नसेल तर सौदा तिथेच थांबवा. उघडलं की आधी तेल बघा. दुधाळ असेल तर पाणी खाली उतरतंय. बोटावर चोळल्यावर करकर लागलं तर ती माती नसून बहुधा साच्यातली रेती आहे. स्वस्त प्रतींची ही जुनी खोड आहे: ओतकाम झाल्यावर क्रँककेस आतून पुरती साफ न करता जुळणी केलेली. इंजिनात तेल उडवून वंगण होतं, कनेक्टिंग रॉडच्या टोकाला असलेली डिपर कुंडीतलं तेल उडवते, म्हणून जी रेती खाली आहे ती वर बेअरिंगपर्यंत पोचणारच. पूर्ण खोलून, तारेच्या ब्रशने खरवडून, डिझेलने धुऊन आतून तेल न सोडणारा रंग मारणं हा यावरचा उपाय. तो एकदाच करायचा असतो, पण पूर्ण खोलूनच. डिपर वाकडी किंवा तुटलेली असेल तर बिग एंडचं (रॉडच्या खालच्या टोकाचं) बेअरिंग आधीच गेलेलं असतं.

पिस्टन आणि डोकं यांच्यातली जागा मोजायला शिशाची बारीक तार वापरतात. डोकं काढून पिस्टनवर ग्रीसने दोन तुकडे चिकटवायचे, डोकं आवळायचं, चाक हाताने एक फेरा फिरवायचं, पुन्हा काढून चपटी तार मायक्रोमीटरने मोजायची. जास्त जागा असेल तर इंजिन थंडीत हँडलला दाद देत नाही, आणि कमी असेल तर ठोकतं. ही जागा सिलिंडरखालच्या पॅकिंगच्या जाडीने जुळवतात. दुरुस्तीवाल्याने जाड-पातळ न बघता नवं पॅकिंग घातलेलं असणं हे ‘परवापर्यंत चालू होतं’चं नेहमीचं कारण.

सुटे भाग मिळतात का? मिळतात, आणि हीच या इंजिनाची खरी ताकद. लायनर-पिस्टनचा सेट, रिंगा, व्हॉल्व्ह, नोजल, गव्हर्नरच्या स्प्रिंगा राजकोटहून आजही येतात. पण ‘६/१ ला (सहा हॉर्सपॉवर, एक सिलिंडर) बसतो’ या वाक्यावर जाऊ नका. प्रत्येक कारखान्याने मूळ मापात स्वतःचं थोडं मिसळलंय. जुना भाग सोबत पाठवून मगच नवा मागवा. व्हॉल्व्ह गाईडमध्ये दोन-चार थाऊचा (इंचाच्या हजाराव्या भागाचा) फरक हमखास निघतो, लेथवाल्याचा खर्च धरूनच ठेवा. डिझेल पंप मायको कंपनीचा असेल तर तो जपून ठेवा आणि जाणकाराकडेच द्या. नवा स्वस्त पंप लावून ‘काम झालं’ म्हणणाऱ्या दुकानांपेक्षा जुन्या पंपाचा प्लंजर तपासून देणारं दुकान शोधा. तालुक्याला एखादं अजून असतं.

आता हडंबा. इथे आमचा सूर बदलतो.

गव्हासाठी दातांच्या ड्रमचा वेग साधारण २५ मीटर प्रतिसेकंद लागतो. ड्रमचा व्यास दातांसकट ६०० मिलिमीटर धरा, म्हणजे ८०० आरपीएम झाले. इंजिन ६५० वर, त्याची पुली ३०० मिलिमीटर. ड्रमची पुली २४० घेतली की ८१२ येतात, पट्टा दोन-तीन टक्के घसरतो, ८०० च्या आतबाहेर गाडी बसते. जुन्या मिस्त्रींनी हे गणित कागदावर न मांडता बरोबर बसवलेलं असतं. त्यामुळे मूळ पुल्या असलेला जोड म्हणजे निम्मं काम झालेलं.

पण बघा काय होतं. स्लो स्पीड इंजिन कोणीतरी आधीच वेगळं विकलेलं असतं, आणि हडंब्याला १५०० आरपीएमचं इंजिन किंवा १४४० ची मोटर जोडलेली असते. पुली तीच. ड्रम १८७५ वर जातो, दातांचा वेग ५९ मीटर प्रतिसेकंद. प्रत्येक दात बाहेर ओढणारं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे मूळच्या पाचपटीहून जास्त. वीस-तीस वर्षं गंजलेला बोल्ट एवढं सहन करत नाही. दाणे फुटणं ही यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट आहे. सुटलेला दात पत्रा फाडून बाहेर येतो. म्हणून हडंबा बघायला गेल्यावर ‘चालू करून दाखवा’ म्हणू नका. आधी दोन्ही पुल्यांचे व्यास टेपने मोजा, इंजिनाची प्लेट वाचा, जिथे उभे आहात तिथेच मोबाइलवर गुणाकार करा, मग ठरवा.

ड्रम उघडला की दात एकेक करून हलवून बघा. काही दात नवे, काही झिजलेले असतील तर ड्रमचा तोल गेलेला असतो. दात समोरासमोरच्या जोडीनेच बदलायचे आणि वजनकाट्यावर जोडी जुळवून घ्यायची. तोल तपासायला मोठं मशीन लागत नाही. दोन अँगल पाणसळ लावून समांतर ठेवा, धार वर, त्यावर ड्रमचा शाफ्ट मोकळा ठेवा. सोडल्यावर दरवेळी तोच भाग खाली येऊन थांबत असेल तर तो जड. समोरच्या बाजूला वजन लावा, किंवा जड बाजूचं काढा, कुठेही सोडला तरी थांबेपर्यंत. बोल्ट ८.८ ग्रेडचेच, दुहेरी नटांसह. बाजारातला साधा मऊ बोल्ट इथे चालत नाही, आणि बोल्टवर वेल्डिंगचा टिपका मारून ‘पक्कं केलं’ म्हणणं तर अजिबात नको. त्या जागी बोल्ट ठिसूळ होतो.

ड्रमखालच्या जाळीच्या सळ्या मधोमध झिजून चपट्या झालेल्या असतात, कडेला जशाच्या तशा. मधली फट मोठी झाल्यामुळे कणसं अर्धवट झोडली जाऊन पुढे जातात. मालक मग जाळी ड्रमजवळ सरकवतो, कडेला दाणे फुटायला लागतात आणि दोष गव्हाच्या जातीला लागतो. जाळी काढून सळ्या उलट्या बसवल्या की निम्मा खर्च वाचतो. चाळण्यांच्या लोंबत्या लाकडी पट्ट्या बदलून लोखंडी लावलेल्या असतील तर पुन्हा लाकडी करा. लाकूड लवतं म्हणून एक्सेंट्रिक (चाळणी हलवणारी चकती) आणि त्याचं बेअरिंग टिकतं. लोखंडी पट्टीने सांगाडाच थरथरतो आणि वेल्डिंग उलतात.

हरभरा किंवा तूर काढायची असेल तर वेग गव्हाच्या निम्म्यावर आणावा लागतो, म्हणजे ड्रमला ४८० मिलिमीटरची मोठी पुली. पण लहान हडंब्यात पंखा त्याच शाफ्टवर असतो, तोही मंदावतो आणि दाण्यात भुसकट राहतं. जुन्या यंत्रासोबत पंख्याची वेगळी पुली किंवा मोठी जास्तीची पुली मिळत असेल तर ती मागून घ्या. विकणाऱ्याला तिचा उपयोग माहीत नसतो आणि ती गोठ्यात खुंटीला बांधलेली सापडते.

यंत्र चांगलं लागलं की नाही याला मोजमाप आहे. भारतीय मानकांप्रमाणे फुटलेले दाणे २ टक्क्यांच्या आत, एकूण नुकसान ५ टक्क्यांच्या आत आणि दाण्याची स्वच्छता ९६ टक्क्यांच्या वर हवी. गोणीतून शंभर ग्रॅम घ्या, फुटके वेगळे करून वजन करा. फुटके पाच-सहा ग्रॅम निघाले तर वेग किंवा फट चुकलेली आहे. भुशात दाणे उडत असतील तर पंख्याची झडप. दोन्ही नीट असून काम मंद असेल तर पीक ओलं आहे. सकाळच्या दवातलं पीक शाफ्टला गुंडाळतं, दुपारी लावा.

आणि हडंब्याला दोनच गुण का दिले ते. घास भरायच्या तोंडाची लांबी बघा. जुन्या यंत्रांत ते इतकं आखूड असतं की हात थेट ड्रमपर्यंत जातो. अशा यंत्रांनी देशभर इतके हात गेले की १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. आयएस ९०२० या मानकात तोंड कमीत कमी ९०० मिलिमीटर लांब आणि त्यातलं ४५० मिलिमीटर वरून झाकलेलं हवं, असं आहे. मूळ तोंडाचा ‘अँटिकपणा’ जपायचा हट्ट असेल तर तो भाग काढून भिंतीला टांगा, आणि यंत्रावर लांब, झाकलेलं तोंड बसवूनच पट्टा चढवा. पाहुण्यांना दाखवायला चालवणार असाल तर पट्ट्याभोवती जाळीचं कुंपण हवं, आणि लुंगी, ओढणी, सैल बाह्या पलीकडे. घसरणाऱ्या पट्ट्यावर राळ टाकायची जुनी सवय चालत्या यंत्रावर तर नकोच. पट्टा घसरतोय म्हणजे तो लांबलाय किंवा पुल्या एका रेषेत नाहीत.

गंज काढायला सँडब्लास्टिंगवाल्याकडे धावू नका. त्याने मूळ रंग, ओतकामातली उठावाची अक्षरं आणि बेअरिंगच्या जागा एकदमच जातात. लहान भागांसाठी गोठ्यातलं औषध उत्तम आहे: पशुखाद्याच्या दुकानातली मळी (मोलॅसिस) एक भाग, पाणी नऊ भाग, प्लॅस्टिकच्या पिंपात दोन-तीन आठवडे. गंज सुटतो, लोखंड राहतं. वास सुटतो, माशा येतात, पिंप घरापासून लांब ठेवा. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग चुकूनही टाकू नका, मळी ते खाऊन टाकते. घाई असेल तर धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर, म्हणजे सोड्याच्या पाण्यातून वीज सोडून गंज काढायचा. पण पाण्यात भागासमोर लावायचा पत्रा साध्या लोखंडाचा घ्या, स्टेनलेसचा नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. मूळ रंग साठ टक्के शिल्लक असेल तर रंगवूच नका. धुवा, वाळवा, उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि जादाचं पुसून घ्या. तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

किमतीचं काय? तळाची किंमत भंगाराची. पूर्ण इंजिनाचं वजन साडेतीनशे किलोच्या आसपास, त्याला त्या दिवसाचा बिडाचा भाव लावा. विकणारा याच्या खाली येणार नाही, तुम्हीही मागू नका. त्यावर जे चढतं ते असं: दोन्ही चाकं निर्दोष, मूळ पितळी प्लेट, प्लेटवरचा नंबर आणि बॉडीवर ठोकलेला नंबर एकच, मूळ पाण्याची टाकी, मूळ हँडल. यातला नंबर सगळ्यात जड. प्लेट कोरून देणारे शहरात हवे तेवढे आहेत, तेव्हा नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा असा प्रकार सर्रास होतो. प्लेटचे रिव्हेट बघा: मूळ रिव्हेटच्या डोक्यावर जुन्या रंगाचे थर असतात, नव्याचं डोकं स्वच्छ असतं किंवा तिथे चक्क स्क्रू असतो. दुसऱ्या नंबरचं इंजिन खोटंच असं नाही, पण मग ते कामाचं इंजिन, संग्रहाचं नव्हे. किंमतही कामाचीच द्या.

ताज्या रंगाला किंमत वाढवून द्यायची नाही, उलट कमी करायची. रंगाखाली तडा, पुट्टी की मूळ रंग, हे खरवडल्याशिवाय कळत नाही, आणि ती जोखीम तुमची आहे. हडंब्याला भंगारावर थोडंच चढवा: शाबूत ड्रम, मूळ पुल्या, न सडलेली लाकडी चाळणीची चौकट एवढ्यालाच पैसे. पत्रा गावचा टिनवाला नवा करून देतो.

इंजिन खोलून नीट करून देतो म्हणणाऱ्याला काम देताना एकच अट घाला: बदललेला प्रत्येक जुना भाग परत हवा. जुनं बेअरिंग, जुन्या रिंगा, सगळं पिशवीत. यावर ज्याचा चेहरा पडतो त्याच्याकडे इंजिन सोडू नका. काम झाल्यावर पहिले दोन तास बिनलोड, मग तेल बदलून निम्म्या लोडवर काही दिवस, डोक्याचे नट गरम-थंड झाल्यावर पुन्हा एकदा आवळून. धूर पहिल्या तासात निळसर चालेल, त्यानंतर नाही.

नेताना टेम्पोत आडवं झोपवू नका, तळाचं तेल वर चढतं आणि चाकाचं वजन शाफ्टवर येतं. उभं ठेवा, दोन्ही चाकांखाली लाकडी पाचरी, दोर बॉडीला बांधा, चाकांच्या आऱ्यांना नाही. आणि निघण्याआधी हँडल मोजून घ्या. ते नेहमी मागे राहतं.